‘फंक्शनल’ला ‘कार्यात्मक’ म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे : घन पदार्थांची ऊर्जा काढण्याच्या क्वांटम पद्धतींची तुलना करणारा मराठी लेख लिहितो आहे. ‘डेन्सिटी फंक्शनल थिअरी’ला भाषांतराचे यंत्र ‘घनता कार्यात्मक सिद्धांत’ म्हणते. ते चालेल का? आणि ‘क्वांटम माँटे कार्लो’चे काय करावे?

‘कार्यात्मक’ अजिबात नको. ते विशेषण आहे. इथला ‘फंक्शनल’ हे गणितातले नाम आहे. रसायनशास्त्रातल्या ‘फंक्शनल ग्रुप’ला शालेय पुस्तकांत ‘क्रियात्मक गट’ म्हणतात ते ठीक, कारण तिथे खरोखर क्रियेचा संबंध आहे. इथे कोणी काही कार्य करत नाही.

एखादा घाटरस्ता घ्या. रस्त्यावरच्या प्रत्येक ठिकाणाची उंची सांगणारा नियम म्हणजे फलन. आता अख्ख्या रस्त्याचा एकूण चढ किती, हे विचारले तर उत्तर एकच संख्या येते, पण ती काढायला सगळा रस्ता लागतो. संपूर्ण फलन घेऊन एक संख्या देणारा हा नियम म्हणजे फंक्शनल. काही जण त्याला ‘फलनाचे फलन’ म्हणतात, पण त्याने एका फलनात दुसरे घातल्याचा भास होतो, आणि ती गोष्ट वेगळी. मी ‘फलनक’ लिहितो. गुण-गुणक, सूच-सूचक यांच्या ओळीत तो कानाला खटकत नाही.

घाटाच्या जागी इलेक्ट्रॉनांची घनता ठेवा, म्हणजे कुठल्या बिंदूपाशी त्यांची दाटी किती. होहेनबर्ग आणि कोन या भौतिकशास्त्रज्ञांनी १९६४ साली दाखवले की पदार्थाच्या किमान-ऊर्जा अवस्थेची ऊर्जा या घनतेचे फलनक असते. हजारो इलेक्ट्रॉनांचे निर्देशक सांभाळण्याऐवजी अवकाशाचे तीन पुरतात. मेख एवढीच की त्या फलनकाचे नेमके रूप कोणाला ठाऊक नाही. वापरात असतात त्या अंदाजी आवृत्त्या. म्हणूनच तुलनेच्या लेखात ‘कोणते फलनक?’ हा प्रश्न पानोपानी येतो. ‘कोणते कार्यात्मक?’ असे लिहून पाहा!

‘माँटे कार्लो’ मात्र आहे तसेच राहू द्या. जुगारासाठी प्रसिद्ध गावाचे नाव आहे ते (पद्धत फाशांसारख्या यदृच्छेने निवडलेल्या आकड्यांवर चालते, म्हणून), आणि गावांची नावे भाषांतरित करत नाहीत. ‘यादृच्छिक चाचणी’ एकदा कंसात दिलेत तरी पुरे. ही पद्धत घनतेवर न थांबता सगळ्या इलेक्ट्रॉनांचे एकत्रित तरंगफलन, म्हणजे त्यांच्या अवस्थेचे पूर्ण वर्णन करणारे फलन, हाताळते, त्यामुळे संगणकाचा वेळ खूप खाते. सिलिकॉनचा स्फटिक सुट्या अणूंत मोडायला दर अणूमागे सुमारे ४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचे एकक) लागतात असे प्रयोग सांगतो. फलनकाचा सर्वांत साधा अंदाज ५.३ च्या आसपास देतो. माँटे कार्लोचे उत्तर प्रयोगाला अगदी जवळचे. पण या दोघांना प्रतिस्पर्धी म्हणून रंगवू नका. सेपर्ली आणि आल्डर यांनी १९८० मध्ये माँटे कार्लोने इलेक्ट्रॉन-वायूची, म्हणजे एकसारख्या पसरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या काल्पनिक नमुन्याची, जी ऊर्जा काढली, तिच्याच आकड्यांवर त्या साध्या अंदाजाची रूढ आवृत्ती बेतलेली आहे.

जाता जाता, ‘घन पदार्थांतली इलेक्ट्रॉन-घनता’ असे लिहिलेत तर वाचक अडखळेल. आपल्याकडे ‘स्थायू’ हा चांगला शब्द असताना पहिला ‘घन’ कशाला?