हॉर्नवाल्यांच्याच घरात जन्मावं लागतं का?

पत्राचा सारांश: आम्ही इंग्लंडमध्ये, रेडिंगला राहतो. मुलगी 14 वर्षांची आहे, फ्रेंच हॉर्न (गोल वळवलेल्या नळीचं पितळी फुंकवाद्य) वाजवते, वादनाच्या परीक्षांमधली ग्रेड 6 झाली. डेनिस ब्रेन या जुन्या, नावाजलेल्या इंग्रज हॉर्नवादकाचं रेकॉर्डिंग ऐकल्यापासून 'मी ऑर्केस्ट्रातच जाणार' म्हणते. मी त्याच्याबद्दल वाचलं, तर आजोबा, वडील, काका सगळे हॉर्नवाले! आमच्याकडे फक्त माझे वडील, सांगलीकडे लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम (हेही पितळी फुंकवाद्यच) वाजवायचे. अशा घराण्यांपुढे हिचा टिकाव लागेल का? शिवाय डेंटिस्टने दातांना तारा लावायला सांगितलंय. लावाव्यात का?

नमस्कार.

आधी दातांचं. तारा लावा. हॉर्नचं माउथपीस साधारण दोन तृतीयांश वरच्या ओठावर आणि एक तृतीयांश खालच्या ओठावर टेकतं. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे ओठ आतून सोलवटतील, सूर फुटेल, मुलगी चिडेल. तारांवर बसवायचं मेण मिळतं, ते घेऊन ठेवा. तारा निघाल्यावर ओठांची बैठक पुन्हा जमवावी लागेल. हे सगळं प्रवेशाच्या ऑडिशनच्या तोंडावर होण्यापेक्षा आत्ता झालेलं बरं. मात्र तारीख घेण्याआधी हॉर्नच्या शिक्षकांना सांगा आणि त्या सुमारास ग्रेडची परीक्षा ठेवू नका.

गंमत म्हणजे ब्रेनच्या घरातही दातांचा मुद्दा होताच. डेनिसचे वडील ऑब्री ब्रेन बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राचे मुख्य हॉर्नवादक. दात आणि ओठ पक्के झाल्याशिवाय मुलांनी हॉर्न गंभीरपणे हाती घेऊ नये, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे एवढ्या मोठ्या हॉर्नवाल्याच्या मुलाला लहानपणी शनिवारी सकाळी बाबांच्या हॉर्नवर दोन-चार सूर फुंकायला मिळत, एवढंच. 15व्या वर्षी तो लंडनच्या रॉयल ॲकॅडमी या संगीत महाविद्यालयात वडिलांकडे शिकू लागला. म्हणजे तुमची लेक त्या वयातल्या डेनिसच्या पुढेच आहे म्हणा ना!

वशिला नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही. 1938 साली, 17 वर्षांचा असताना, त्याने लंडनच्या क्वीन्स हॉल या सभागृहात पहिल्यांदा जाहीर वादन केलं ते वडिलांच्या शेजारी दुसऱ्या हॉर्नच्या खुर्चीवर बसून. भाऊ लेनर्ड ओबोवादक, आई गायिका, काका आल्फ्रेड लॉस एंजेलिसच्या ऑर्केस्ट्रात. तालमीला किती आधी पोचायचं, कंडक्टर चुकला तर तोंड कसं मिटून ठेवायचं, हे त्याला घरातच कळत असणार. तुमच्या मुलीला ते उशिरा आणि ठेचकाळत कळेल. एवढा फरक राहणारच.

पण हॉर्न हे वशिला चालवून घेणारं वाद्य नाही. डेनिस नंतर वापरत असलेल्या बी-फ्लॅट हॉर्नची नळी उलगडली तर सुमारे 9 फूट भरते. वरच्या पट्टीत त्यातले सूर एकमेकांना इतके खेटून असतात की ओठ केसभर हलले तरी शेजारचाच सूर लागतो, तोही अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल असा. तिथे आडनाव उपयोगी पडत नाही. संगीतकार बेंजामिन ब्रिटनने 1943 साली टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक), हॉर्न आणि तंतुवाद्यांसाठी 'सेरेनेड' ही रचना लिहिली ती डेनिसचं वादन ऐकून. आणि घराण्याचं म्हणाल, तर वडील फ्रेंच बनावटीच्या हॉर्नचे कट्टर. मुलाने 1951 मध्ये ते सोडून जर्मन हॉर्न घेतलाच.

आज ऑर्केस्ट्रात जागा भरायची तर ऑडिशन होते. काही ठिकाणी उमेदवार पडद्याआड असतो. त्यानंतर 'ट्रायल': प्रत्यक्ष कार्यक्रमांत वाजवून घेतात, कधी महिनोन्महिने, आणि बाकीचे वादक बघतात की हिचा सूर आपल्यात मिसळतो का. तिथवर पोचायचा रस्ता असा: संगीत महाविद्यालयांचे शाळकरी मुलांसाठीचे शनिवारचे ज्युनियर विभाग (रॉयल ॲकॅडमी, गिल्डहॉल वगैरे, रेडिंगहून रेल्वेने जाता येतं), नॅशनल यूथ ऑर्केस्ट्राची ऑडिशन, मग कॉन्झर्व्हेटोअर, म्हणजे संगीत महाविद्यालय. त्याचे अर्ज नेहमीच्या विद्यापीठांच्या आधी, ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात. दरवर्षी कुणीतरी इथे चुकतं. महागडा डबल हॉर्न (दोन पट्ट्यांच्या नळ्या एकत्र असलेला) आत्ताच विकत घेऊ नका, शाळेकडून किंवा भाड्याने चालवा.

आता पैशाचं. हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पत्रभर तोच आहे. लंडन सिम्फनी, फिलहार्मोनिया यांसारख्या लंडनच्या मोठ्या ऑर्केस्ट्रांमधले वादक पगारी नोकर नसतात. ते स्वयंरोजगारी असतात. जेवढं वाजवाल तेवढे पैसे. बीबीसीच्या ऑर्केस्ट्रा, मँचेस्टरची हॅले, बर्मिंगहॅमची सिटी ऑर्केस्ट्रा इथे पगार असतो, पण हॉर्नच्या खुर्च्या मोजक्या. बाकीचे सिनेमाची रेकॉर्डिंग, लंडनच्या वेस्ट एंड भागातली संगीत नाटकं, शिकवण्या असं जोडून घर चालवतात. दगदग खरी आहे. युद्धानंतर डेनिस फिलहार्मोनिया आणि रॉयल फिलहार्मोनिक, दोन्हीकडे मुख्य हॉर्न होता. 1 सप्टेंबर 1957 ला एडिंबरामधला कार्यक्रम आटोपून रातोरात गाडी हाकत लंडनला परतताना हॅटफील्डजवळ अपघातात गेला. वय 36. हे मुलीला घाबरवायला सांगू नका. पण तिला पुढेमागे गाडी घेऊन द्याल तेव्हा आठवा.

तुमच्या वडिलांचा उल्लेख तुम्ही 'फक्त' म्हणून केलात, तिथे मी अडखळलो. लंडनच्या फ्रीलान्स वादकाचं आयुष्य म्हणजे सुपारीचंच आयुष्य. वादक जमवून देणारा कुणी 'फिक्सर' फोन करतो, तारीख विचारतो. एकदा नाही म्हटलं तर पुढच्या वेळी तो दुसऱ्याला विचारतो. लग्नसराईत उसंत नाही आणि चातुर्मासात वाद्याला कापड गुंडाळून ठेवलेलं, हे गणित तुमच्या वडिलांनी आयुष्यभर जमवलं. ॲडव्हान्स किती घ्यायचा, कोणती सुपारी सोडायची, बिनकामाच्या महिन्यांत ओठ कसे तयार ठेवायचे (युफोनियमलाही ओठच लागतात), हे कॉन्झर्व्हेटोअरमध्येही इतक्या रोखठोकपणे कुणी शिकवत नाही.

रविवारी आजोबांना व्हिडिओ कॉल लावा, तुम्ही खोलीबाहेर जा आणि तिला विचारू दे: आषाढ ते कार्तिक घर कसं चालायचं? तारीख आणि आकड्यांनिशी. सुपाऱ्यांची जुनी वही असेल तर तिचे फोटोही मागवून घ्या.