वाचक विचारतात : सळईची स्टिक, चिखलात रुतलेला चेंडू

सोसायटीच्या वर्धापनदिनाला मुलांसाठी गल्ली गोल्फ ठेवायचं आहे. स्टिक घरी बनवता येतील का? आम्ही १० मिमीची सळई वाकवून पाहिली, पण मुलांचे हात भरून येतात आणि चेंडू नुसताच घरंगळतो. (एक वाचक, चेंबूर)

स्टिक नक्की बनतील. गल्ली गोल्फ तुमच्याच भागातलं आहे. चेंबूरच्या गोल्फ क्लबात काम करणाऱ्या कॅडींनी (खेळाडूंच्या स्टिकची बॅग वाहणाऱ्यांनी) आणि त्यांच्या वस्तीतल्या मुलांनी बांधकामाची सळई आणि प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन ते घडवलं. त्यामुळे कार्यक्रमात त्यांचा उल्लेख आवर्जून करा. एखाद्या कॅडीला रीतसर मानधन देऊन शिकवायला बोलावलंत तर फारच उत्तम.

तुमची सळई जड आहे. १० मिमीची सळई मीटरला सुमारे ६१७ ग्रॅम भरते, ८ मिमीची ३९५ ग्रॅम. खऱ्या ७ नंबर आयर्नचं (मध्यम पल्ल्याच्या गोल्फ स्टिकचं) वजन ४०० ग्रॅमच्या जरा वर असतं, म्हणून ८ मिमीचीच घ्या. मोठ्यांसाठी १ मीटर तुकडा कापा. दहा वर्षांच्या मुलासाठी ८५ सेंमी पुरे. दोन्हींत शेवटचे १० सेंमी डोक्यासाठी, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या वाकवलेल्या भागासाठी, धरलेले आहेत.

सगळ्यात जास्त चूक होते ती वाकवताना. पुष्कळजण काटकोन करतात. उभं राहून दांडा आपल्याकडे कलता धरला की काटकोनी स्टिकचं टोक वर उचललं जातं आणि फक्त टाच (वळणाकडचा भाग) जमिनीला घासते. दांडा आणि डोकं यांत १२० अंशांचा कोन ठेवा. दांडा जमिनीशी ६० अंशांत धरल्यावर डोकं सपाट टेकलं, की जमलं. सळई एकदम मुडपू नका, जाड पाइपावर गोलाईत वळवा, नाहीतर वळणावर तडा जातो.

चेंडू घरंगळतो, कारण गोल सळईला पातं नसतं. ग्रिल-वेल्डिंगवाल्याकडून डोकं लाल तापवून ठोकून चपटं करून घ्या आणि ते किंचित मागे कलतं ठेवा. कडा कानशीने घासायला विसरू नका. मुठीला आधी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, मग त्यावर पाण्याच्या पाइपचा २५ सेंमी तुकडा घट्ट बसवा. ट्यूब नसेल तर पाइप फिरतो आणि कधी हातातून निसटतोही.

चेंडू पोकळ प्लॅस्टिकचाच हवा. खरा चेंडू ४६ ग्रॅमचा आणि टणक असतो, गल्लीत तो कोणाच्याही हाती देऊ नका. मारणाऱ्याभोवती दोन स्टिकइतकी जागा मोकळी ठेवा. काँक्रीटवर होल म्हणून खडूचं वर्तुळ चालेल. माती असेल तर १०८ मिमी रुंद खड्डा खणा. खऱ्या कोर्सवरही होल तेवढंच असतं.

जुलैत फेअरवेवर (कोर्सच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) माझा चेंडू चिखलात रुतला. सोबतचे म्हणाले, आहे तसाच मारा. बरोबर आहे का? (एक वाचक, पनवेल)

नाही. तुमच्या फटक्याने पडलेल्या खळग्यातच चेंडू असेल आणि त्याचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली गेला असेल, तर गोल्फच्या नियम १६.३ नुसार दंडाविना सुटका मिळते. जागेवर खूण करा, चेंडू उचला, पुसा. मग खळग्याच्या लगेच मागच्या बिंदूपासून एका क्लबच्या (म्हणजे गोल्फच्या स्टिकच्या) लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. लांबी मोजायला पटर (होलजवळ चेंडू ढकलायची स्टिक) सोडून तुमच्याकडचा सर्वांत लांब क्लब घ्या. बंकरच्या (कोर्सवरच्या मुद्दाम केलेल्या खड्ड्याच्या) वाळूत रुतला तर मात्र ही सवलत नाही.

डबक्याचं वेगळं. पाय जोरात न दाबताही पाणी दिसत असेल, तरच ते तात्पुरतं पाणी धरतात.

मुंबईतला सर्वांत जुना गोल्फ क्लब कोणता? आणि सभासद नसताना कुठे खेळता येईल? (एक वाचक, डोंबिवली)

रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब, १८४२. कलकत्त्याचा १८२९चा, त्यानंतरचा हा. तो आज नाही. विलिंग्डन क्लब १९१८चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७चा. दोन्ही चालू आहेत, पण सभासदांसाठी. तुम्ही सिडकोच्या खारघर व्हॅली कोर्सवर जा, तिथे शुल्क भरून खेळता येतं. सुरुवातीला ७ नंबर आयर्न, पिचिंग वेज (जवळून चेंडू उंच उडवायची स्टिक) आणि पटर एवढेच क्लब न्या. १४ क्लबांची मुभा असली तरी तीन हाताला बसल्यावरच पुढचे घ्या.