‘ती उकिडवी बसली की माझ्या काळजात धस्स होते’

प्रिय ताई,

सांगली जिल्ह्यातून तुम्ही पाठवलेले पत्र मिळाले. तुमच्या चार वर्षांच्या लेकीला ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ हा जन्मजात हृदयदोष असल्याचा संशय अंगणवाडीत आलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला आला, पुढे पुण्यात तिची शस्त्रक्रिया झाली, आणि आज तीन महिन्यांनी डॉक्टर ‘सगळे उत्तम आहे’ असे सांगत असताना तुम्ही मात्र रात्री पुन्हा पुन्हा उठून तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावता. सासूबाई तिला पळू देत नाहीत, आणि सातव्या महिन्यात ग्रहण असताना तुम्ही विळीवर भाजी चिरलीत म्हणून हे झाले, असे ऐकवतात. पतींना हा विषयच नको आहे. लेक तुमचा पदर सोडत नाही आणि सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय तिला पुन्हा लागली आहे. ‘मला वेड लागत चालले आहे का?’ असे तुम्ही शेवटी विचारले आहे.

नाही, ताई. चार वर्षे जिच्या ओठांचा रंग पाहून तुमचा दिवस ठरत होता, तिच्याकडे पाहण्याची ती सवय तीन महिन्यांत सुटेल अशी अपेक्षा कोणीही ठेवू नये, तुम्ही स्वतःही नाही.

ती अंगणात मातीत खेळताना उकिडवी बसली की तुम्ही धावत जाऊन तिला उचलता, असे तुम्ही लिहिले आहे. ही धाव कुठून येते, हे मला पुरते कळते. या दोषात फुप्फुसाकडे जाणारी रक्ताची वाट अरुंद असते आणि हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असते, त्यामुळे प्राणवायू न मिळालेले रक्त थेट शरीरात जाते आणि मूल निळे पडते. अशी मुले दमली की कोणी न शिकवताही उकिडवी बसतात, कारण तसे बसल्याने पायांकडील रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन शरीराच्या बाजूचा दाब वाढतो आणि अधिक रक्त फुप्फुसाकडे वळते. तेव्हाचे तिचे उकिडवे बसणे हा धोक्याचा इशारा होता आणि तो तुम्ही अचूक ओळखत होतात. आता छिद्रावर ठिगळ लावले आहे आणि वाट रुंद केली आहे. ओठ गुलाबी असतील, श्वास शांत असेल, तर ती केवळ मातीत खेळण्यासाठी बसली आहे. पुढच्या वेळी जागेवरूनच तिचे ओठ आणि श्वास पाहा, आणि ते ठीक असतील तर तिला तशीच बसू द्या.

ऑक्सिमीटरचेही तेच. घरी मोजत राहा असे डॉक्टरांनी सांगितले नसेल, तर ते यंत्र कपाटात ठेवा. मोठ्यांसाठी बनवलेला चिमटा लहान बोटावर नीट बसत नाही, हात गार असेल किंवा मूल हलले तर आकडा खोटाच कमी दिसतो, आणि त्या खोट्या आकड्यापायी तुमची उरलेली रात्रही जाते. त्यापेक्षा काय दिसले तर थांबायचे नाही, हे पक्के ठाऊक असू द्या. ताप, जखमेची लाली किंवा त्यातून येणारा स्राव, झोपेतही जलद चालणारा श्वास, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, लघवी कमी होणे, उलट्यांसोबत कमालीची चिडचिड, छातीत धडधड, भोवळ किंवा ओठ निळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. श्वास, भोवळ आणि निळेपणा यांसाठी तर क्षणभरही वाट पाहू नका. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत काही मुलांच्या हृदयाभोवती पाणी साठते, म्हणून ताप किरकोळ मानायचा नसतो.

आता पळण्याविषयी. छातीचे हाड जुळायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तोवर मुलाला बगलेत धरून उचलायचे नसते, पडण्या-आपटण्यापासून जपायचे असते. सासूबाईंची काळजी त्या काळात रास्त होती. तो काळ सरला आहे. अशी दुरुस्ती झालेली बहुतेक मुले पळतात, शाळेत जातात, आणि दमली की आपणहून थांबतात. अंगणवाडी पुन्हा कधी सुरू करायची, हे तेवढे तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

ग्रहणाविषयी मला स्पष्ट लिहायचे आहे. बाळाच्या हृदयाचे कप्पे आणि मोठ्या रक्तवाहिन्या गर्भारपणाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच घडून जातात. सातव्या महिन्यातील ग्रहण आणि विळी त्या घडणीत कसे येणार? असे दोष बहुतेक वेळा कोणत्याही एका कारणाने होत नाहीत, काहींच्या मुळाशी गुणसूत्रांतील बदल असतो, आणि त्यात तुमचा कसलाही दोष नाही. हा आरोप तुम्ही मुकाट्याने सोसत आहात, याचे मला फार वाईट वाटते.

लेकीचे बिलगणे आणि अंथरूण ओले करणे हे इतक्या मोठ्या अनुभवानंतर अनेक लहान मुलांत दिसते आणि बहुधा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत ओसरते. तिला रागावू नका. ती बाहुलीला सुई टोचत असेल तर टोचू द्या, तिचे मन त्याच वाटेने मोकळे होते. तपासणीला जाताना ‘काही करणार नाहीत’ अशी थाप मारू नका. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दुखत नाही आणि रक्त काढताना थोडे दुखते, हे जसे आहे तसे सांगा.

जे आयुष्यभर करायचे आहे, ते मात्र विसरू नका. या शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाकडील झडप गळू लागणे नेहमीचे आहे, ते वर्षानुवर्षे बाहेरून जाणवत नाही, आणि काहींना मोठेपणी नवी झडप बसवावी लागते. म्हणून ती ठणठणीत दिसत असली तरी नियमित तपासणी चुकवू नये आणि शस्त्रक्रियेचे कागद जन्मभर जपावेत. दोन वेळा दात घासायला लावा, कारण तोंडातील जंतू रक्तातून हृदयापर्यंत पोचू शकतात. दाताचे कोणतेही काम करण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. या दोषाची पहिली पूर्ण दुरुस्ती 1954 मध्ये अमेरिकेत झाली, आणि त्या सुरुवातीच्या वर्षांत शस्त्रक्रिया झालेली कितीतरी मुले मोठी होऊन संसाराला लागली. आजचे उपचार त्याहून फार पुढे गेले आहेत.

तुमच्या पतींचे गप्प राहणे हीदेखील भीतीच असू शकते. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर तेही बसले होते. आठवड्यातील काही रात्री लेकीजवळ त्यांना झोपू द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा. तरीही झोप लागत नसेल, तीच दृश्ये डोळ्यांसमोर येत असतील, तर 14416 या ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

आणि पुढच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या. नातीला पळू द्यावे का, हे डॉक्टरांना त्यांनाच विचारू द्या. ग्रहणाचेही विचारू द्या. सुनेने सांगून जे पटत नाही, ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की पटण्याची शक्यता अधिक आहे.

तुमची,
ताई