स्कॉलरशिप नाही, मग लोकांना काय सांगायचं?

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या आईवडिलांकडून, विशेषतः अकरावीचं वर्ष संपत आलं की, समुपदेशक म्हणून मी एकच काळजी पुन्हा पुन्हा ऐकते. "इतकी वर्षं बास्केटबॉल खेळली. आता कॉलेजांचे कोच मेल करतायत, पण स्कॉलरशिप नाही म्हणतात. खरंच घेणार आहेत, की नुसतं गुंतवून ठेवलंय?"

हे कोच बहुधा एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांचं नियमन करणाऱ्या संघटनेच्या, 'डिव्हिजन थ्री' गटातल्या कॉलेजांचे असतात. या गटात ४००हून जास्त कॉलेजं आहेत आणि खेळासाठी स्कॉलरशिप तिथे कुणालाच देता येत नाही, कारण नियमच तसा आहे. बहुतेक पालकांना हे ठाऊक असतं. ठाऊक असूनही काळजी हटत नसेल, तर तिचं मूळ दुसरीकडे असतं, असं मी मानते. ईशाच्या घरी ते कुठे सापडलं, ते सांगते. (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

ईशा अकरावीत होती. पॉइंट गार्ड (टीमचा खेळ रचणारी खेळाडू), उंची पाच फूट पाच इंच, मार्क उत्तम. वडील लॅपटॉप उघडूनच बसले. एक्सेल शीटमध्ये कॉलेज, कोचचं नाव, शेवटच्या मेलची तारीख आणि टोकाला 'स्कॉलरशिप'चा रकाना होता. त्यात वरपासून खालपर्यंत शून्य, तेही लाल रंगात.

"ईशा, कोचना मेल कोण लिहितं?" मी विचारलं.

"मीच लिहितो, ताई," बाबा म्हणाले. "म्हणजे तिच्या नावाने. तिला वेळ कुठे असतो?"

ईशाची मधली दोन बोटं मुरगळल्यामुळे एकत्र बांधलेली होती. त्यावरच्या पांढऱ्या टेपचं टोक ती नखाने उचकटत राहिली.

डिव्हिजन थ्रीचं महत्त्व वडिलांना पटवून देणं सोपं होतं. डंकन रॉबिन्सन हा बास्केटबॉलपटू याच गटातल्या विल्यम्स कॉलेजमधून सुरुवात करून मिशिगन युनिव्हर्सिटीमार्गे एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या मायामी हीट संघापर्यंत पोहोचला. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या मुलींनी २०२४मध्ये एकही सामना न हरता याच गटाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पण असे दाखले दिले की पालक तेवढ्यापुरते सुखावतात आणि मुलावर नवं ओझं चढतं. एकाची काळजी मी कधी त्या एकट्याची समजत नाही. ती घरात कुणाकडून कुणाकडे जाते, कोण बोलतं आणि कोणाच्या वतीने बोलतं, हे मी बघते. म्हणून पुढच्या भेटींमध्ये माझा आग्रह एवढाच होता, की ईशाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ईशाच देईल, कितीही वेळ लागला तरी.

एकदा मी तिला म्हटलं, "समज, खेळाचे पैसे नाहीत. पहिलं वर्ष बेंचवर जाणार. प्रेक्षकही थोडेच. तरी खेळशील?"

"हो." तिला क्षणाचाही विचार करावा लागला नाही. "बाबांना वाटतं मी स्कॉलरशिपसाठी खेळते. मला टीम हवी असते. टीम नसली की माझा अभ्यासही होत नाही."

आईने मान डोलावली. तिला हे माहीत होतं. बाबांनी लॅपटॉप मिटला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, आणि मीही ती शांतता मोडली नाही. अशा वेळी समुपदेशकाने धीर धरला पाहिजे, हे मी बऱ्याच वर्षांच्या सरावाने शिकले आहे. मग ते हळू आवाजात म्हणाले, "पण ताई, मंडळात लोक विचारतात, किती मिळाली? त्यांना मी काय सांगू?"

खरी काळजी ही होती. दोघांचा पगार चांगला, फीची तजवीज बऱ्यापैकी झालेली. स्कॉलरशिपची रक्कम त्यांना हवी होती ती पावती म्हणून. पहाटे पाचला उठून जिमला सोडलं, शनिवार-रविवार स्पर्धांसाठी गाडी चालवली, ते वाया गेलं नाही असं कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. या माणसाला लोभी म्हणणं अन्याय झाला असता. आपल्या लेकीच्या कष्टांची दखल घेतली जावी, एवढंच तो मागत होता.

उत्तर मी दिलं नाही, ईशाने दिलं. "सांगा, ती टीममध्ये आहे. आणि बाबा, मेल आता मी लिहीन."

त्यानंतर पैसा आणि पसंती हे दोन विषय आम्ही वेगळे केले. तुम्हीही करा. कोचला मुलगी किती हवी आहे, हे कॉलेजच्या पैशांवरून कळणार नाही. ते विचारावं लागतं, आणि तिनेच फोन करून विचारावं. गार्डच्या यादीत मी कितवी? माझ्या अर्जाला ॲडमिशन्स ऑफिसमध्ये तुमचा पाठिंबा असेल का? प्री-रीड कराल का? प्री-रीड म्हणजे अर्जाआधीच ट्रान्सक्रिप्ट (शाळेतल्या विषयांची आणि मार्कांची नोंद) आणि परीक्षांचे गुण ॲडमिशन्सला दाखवून अंदाज घेणं. निवडक प्रवेश देणाऱ्या अनेक कॉलेजांत ते बारावीआधीच्या उन्हाळ्यात होतं. त्यातून आलेला होकार उत्साह वाढवतो, पण तो प्रवेश नव्हे. कॅम्पचं आमंत्रण तर शेकडो मुलींना जातं. कोचने तुमच्या मुलीच्या सामन्यातली एखादी गोष्ट लिहिली असेल, पूर्ण सामन्याचा व्हिडिओ मागितला असेल, तर ते वेगळं.

पैशांची बाजू कोचशी नाही, फायनान्शियल एड ऑफिसशी बोलायची. विल्यम्स, ॲमहर्स्ट यांसारखी कॉलेजं फक्त कुटुंबाची आर्थिक गरज बघून मदत देतात. इतर बरीच कॉलेजं गुणांवरही देतात. प्रत्येकाच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता तुम्हाला किती खर्च येईल याचा अंदाज तो देतो. त्यात खरे आकडे भरा. डिव्हिजन थ्रीमध्ये मदत खेळावर ठरत नाही, त्यामुळे गुडघा दुखावला किंवा टीम सोडली म्हणून ती काढून घेतली जात नाही. पालकांना या एका गोष्टीने जेवढं हायसं वाटतं, तेवढं दुसऱ्या कशाने वाटलेलं मी पाहिलेलं नाही. वर्षाला किती झेपेल तो आकडा मुलीला आधी सांगा, ती कॉलेजच्या प्रेमात पडण्यापूर्वी. अर्ली डिसिजन हा बांधून टाकणारा अर्ज असतो, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, त्यामुळे हे बोलणं त्याआधीच व्हायला हवं.

ईशाच्या पहिल्याच फोनवर कोचने स्पष्ट सांगितलं, तुझ्याआधी तीन गार्ड आहेत. तिला रडू आलं आणि तिने ते कॉलेज यादीतून काढलं. दुसऱ्या कोचने ट्रान्सक्रिप्ट मागवलं आणि सराव बघायला बोलावलं. तिथे कोणाशी बोलू, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, स्टार खेळाडूंशी नंतर बोल, आधी बेंचवर बसणाऱ्या मुलींना गाठ. तिथे त्या खुश आहेत का, ते विचार.