बेकच्या मठातली शाळा

प्रश्न असा आहे की संत बेनेडिक्टचे नियम पाळणाऱ्या ख्रिस्ती साधूंच्या, म्हणजे बेनेडिक्टाइन, मठांमधून ईशज्ञान, म्हणजे थिऑलॉजी, शिकवणाऱ्या शाळा होत्या, तर त्या गोव्यातल्या राशोल सेमिनरीसारख्या होत्या का.

नाही. सेमिनरी पुष्कळ नंतरची. धर्मप्रांतांनी पाद्री घडवण्यासाठी सेमिनरी काढाव्यात, हा ठराव कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५६३ मध्ये केला. मी सांगतोय ती फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या बेकच्या मठाची शाळा त्याच्या पाचशे वर्षं आधीची. तिला ना अभ्यासक्रम होता, ना पदवी. एक शिक्षक होता, आणि मठाला पैशांची चणचण होती.

मठ काढला हेर्लुइन नावाच्या सरदाराने, १०३४ च्या सुमारास. चाळिशीच्या आसपास तलवार ठेवली आणि मग अक्षरं गिरवायला बसला. असल्या गरीब, आडबाजूच्या मठात १०४२ च्या आगेमागे लॅनफ्रँक येऊन थडकला. हा इटलीतल्या पाव्हियाचा, आवरांश गावी शिकवून नाव मिळवलेला. वाटेत चोरांनी लुटून जंगलात बांधून ठेवलं, तेव्हा प्रार्थना म्हणू गेला तर एकही धड पाठ नव्हती, म्हणून संन्यास घेतला, अशी कथा सांगतात. कथा जरा जास्तच नेटकी आहे, पण त्याला जिथे कोणी ओळखणार नाही अशी जागा हवी होती, एवढं खरं दिसतं.

तीनेक वर्षं तो गप्प राहिला. मग बाहेरच्या विद्यार्थ्यांना शिकवायला लागला आणि त्यांच्याकडून येणाऱ्या देणग्यांनी मठाला हातभार लागला. शिकवायचा काय? आधी व्याकरण, तर्क, वक्तृत्व. तीच हत्यारं घेऊन मग संत पॉलची पत्रं उलगडायची. मिस्सा या ख्रिस्ती उपासनेतली भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते का, यावर तूर गावच्या बेरेंगार नावाच्या पंडिताने तर्काच्या जोरावर शंका काढली, तेव्हा लॅनफ्रँकने त्याला उत्तर दिलं तेही तर्काच्याच भाषेत.

१०६३ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यम ड्यूकने त्याला कॅन गावच्या नव्या मठावर प्रमुख म्हणून नेलं. पुढे १०७० मध्ये तो इंग्लंडमधल्या कँटरबरीचा आर्चबिशप झाला. शाळेची बाहेरची वर्दळ त्यानंतर ओसरली. बहुतेक जण शाळेची गोष्ट इथे संपवतात. मला वाटतं, खरी गोष्ट इथून सुरू होते.

लॅनफ्रँकच्या जागी प्रायर, म्हणजे मठाधिपतीच्या हाताखालचा प्रमुख, झाला आल्प्समधल्या आओस्ताचा आन्सेल्म. मुलांकडून विभक्ती घोकून घेण्याचा त्याला मनस्वी कंटाळा. एका पत्रात त्याने तसं सरळ लिहिलंय. त्याचा जीव रमायचा मठातल्या साधूंशी बोलण्यात. त्यांनीच गळ घातली की देवाविषयी असं लिहा, ज्यात बायबलचा आधार न घेता नुसत्या युक्तिवादाने सगळं पटेल. त्यातून १०७६ मध्ये ‘मोनोलॉगिऑन’ झालं. गुरूकडे तपासायला पाठवलं, तर लॅनफ्रँकची तक्रार, की यात आधारवचनं कुठे आहेत? आन्सेल्मने नम्रपणे कळवलं की चर्चचा थोर आचार्य संत ऑगस्टीन याच्याशी विसंगत असं यात काही नाही, आणि मजकूर होता तसाच ठेवला!

पुढच्या ‘प्रोस्लोगिऑन’ या ग्रंथाची हकिकत त्याचा चरित्रकार एडमर सांगतो. देवाचं अस्तित्व एकाच युक्तिवादाने सिद्ध करता येईल का, या विचाराने आन्सेल्मची झोप उडाली, जेवण सुटलं. हा सैतानाचा मोह तर नव्हे, असंही त्याला वाटलं. एका रात्री प्रार्थनेच्या वेळी उकल झाली. मेणाच्या पाट्यांवर लिहून ठेवली, त्या पाट्या हरवल्या. पुन्हा लिहिली, तर पाट्यांचे तुकडे झालेले सापडले. ते जुळवून अखेर चर्मपत्रावर उतरवली.

१०९३ मध्ये आन्सेल्मही आर्चबिशप म्हणून कँटरबरीला गेला. पुढच्या शतकात हुशार पोरं लाँ, पॅरिसच्या कॅथेड्रलांतल्या शाळांकडे वळली. बेक श्रीमंत आणि प्रतिष्ठित राहिलं, पण तशी शाळा पुन्हा भरली नाही. फ्रेंच राज्यक्रांतीत साधू गेले ते १९४८ मध्ये परतले. जुनं मठमंदिर आता नाही. पंधराव्या शतकातला संत निकोलसचा मनोरा मात्र उभा आहे.

मूळ वाचायचं असेल तर ‘प्रोस्लोगिऑन’ची दोन ते चार ही प्रकरणं आधी घ्या. मग गाउनिलो नावाच्या साधूने ‘मूर्खाच्या वतीने’, म्हणजे देव नाही असं म्हणणाऱ्याची बाजू घेऊन, घेतलेला आक्षेप, आणि शेवटी आन्सेल्मचं उत्तर. हा क्रम माझा नाही. आक्षेप आणि उत्तर दोन्ही ग्रंथालाच जोडून नकलावीत, असं आन्सेल्मनेच सांगून ठेवलं होतं.