चालू इंजिनच्या आत बघायचंय? ॲक्रिलिकचा नाद सोडा

प्रश्न असा आहे: मॉडेल विमानाचं ग्लो इंजिन (मेथॅनॉलवर चालणारं, स्पार्कऐवजी तापलेल्या तारेच्या प्लगनं पेटणारं) चालू असताना आत काय चाललंय ते दिसेल का, आणि त्यासाठी पारदर्शक ॲक्रिलिकचं हेड, म्हणजे सिलिंडरचं झाकण, बसवलं तर चालेल का?

चालेल. चाळीस सेकंद. मी मोजलेत.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर माझी २७ वर्षं गेली, त्यामुळे हेड वळवणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. मेथॅनॉल लागलं की ॲक्रिलिकला बारीक चिरा पडतात आणि १०० अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, हे मला माहीत होतं. तरी म्हटलं, मिनिटभर तरी तग धरेल. आधी ते दुधासारखं पांढरं झालं, मग प्लगचे आटे सुटले आणि प्लग शेडच्या पत्र्यावर जाऊन ठण्णकन आदळला. शेजारी आमचे दाजी उभे होते. पोट धरून हसले.

ह्या खटाटोपामागे होतेही दाजीच. वीसेक वर्षांपूर्वी शेंडा पार्ककडच्या माळावर माझं ४० साइजचं, म्हणजे ६.५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन रिच करून, म्हणजे हवेच्या मानानं इंधन जास्त सोडून, चालवलं होतं. आवाज जाडा, अडखळत येणारा. मी म्हटलं, फोर-स्ट्रोकिंग करतंय, दोन फेऱ्यांत एकदाच पेटतंय. दाजींचं स्कूटरचं गॅरेज. ते म्हणाले, "पाव्हणं, टू-स्ट्रोक दर फेऱ्याला पेटतंयच. न्हाईतर त्याला टू-स्ट्रोक कशाला म्हणायचं?" चार लोकांत म्हणाले. त्यानंतर दर भाऊबीजेला ओवाळणी झाली की हा विषय निघायचा आणि ताई पाट उचलून आत जायची.

तर काच. साधी काच नको, क्वार्ट्झ घ्या. तापल्यावर ती जवळजवळ फुगतच नाही. पण तिच्याभोवतीचं ॲल्युमिनियम चांगलंच फुगतं, आणि सगळी गोम तिथेच आहे. तापल्यावर ढिली पडू नये म्हणून पहिली चकती मी थंड असताना कचकून आवळली आणि ती इंजिन सुरू व्हायच्या आधीच टिचली. दुसरी ५ मिमी जाडीची, दोन्ही बाजूंना मऊ तांब्याची वॉशर, वरून सहा स्क्रूंची रिंग, आणि प्लग कडेला तिरपा. ही टिकली. हे काही माझं डोकं नव्हे. जनरल मोटर्सच्या बाउडिच यांनी १९६१ सालीच पिस्टन लांब करून त्याच्या माथ्यावर क्वार्ट्झची खिडकी बसवली होती आणि खाली ४५ अंशांत आरसा ठेवून ज्वाळा बघितल्या होत्या. कुणी म्हणेल, असलं सगळं प्रयोगशाळेतच होतं. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात सिनेमाचा कॅमेरा बनवला. आपल्याला एक चकती बसवता येऊ नये?

रात्री शेडमधले दिवे बंद करून इंजिन चालवलं. नीडल, म्हणजे इंधनाचा स्क्रू, उघडी ठेवून रिच केलेलं, टॅकोवर (फेरे मोजायच्या मीटरवर) मिनिटाला ७,२०० च्या आसपास. म्हणजे सेकंदाला १२० फेरे. मोबाइल स्लो-मोशनला, सेकंदाला २४० फ्रेम. फेऱ्याला दोन फ्रेम झाल्या. दाजींचं खरं असेल तर दोनातली एक फ्रेम उजळ दिसायला पाहिजे. दिसली चारातली एक. मधेमधे चुकत होतं, पण हिशोब चाराचाच. कारणही सोपं आहे. रिच मिक्श्चर तसंही नीट पेटत नाही, त्यात एकदा पेटलं की जळालेला गॅस थोडा मागे राहतो, पुढच्या फेऱ्याचा माल त्यानं बाटतो आणि पेटत नाही. त्या फुकट गेलेल्या फेऱ्यात सिलिंडर धुऊन निघतो, म्हणून त्याच्या पुढचा पेटतो. नीडल आवळत १२,००० वर नेलं तर जवळजवळ प्रत्येक फ्रेम उजळ. मेथॅनॉलची ज्वाळा फिकट निळी असते. मधली पिवळी झाक बहुधा इंधनात मिसळलेल्या एरंडेलाची.

तुम्हाला ज्वाळाच बघायची असं नसेल तर हेडला हात लावू नका. मागची बॅकप्लेट काढून तिथे पारदर्शक प्लेट बसवा. तिथे दाब कमी आणि ताजं मिक्श्चर येत असल्यामुळे गारवा असतो, म्हणून तिथे ॲक्रिलिकही थोडा वेळ चालतं. क्रँकपिन आणि कनेक्टिंग रॉडचं खालचं टोक छान दिसतं. १२,००० वर सेकंदाला २०० फेरे होतात. स्ट्रोब, म्हणजे ठरावीक वेगानं लुकलुकणारा दिवा, सेकंदाला १९९ वर लावला की क्रँक सेकंदाला एक फेरा मारताना दिसेल. इंजिनचा वेग हलत राहतो, तेव्हा स्ट्रोबचं बटण सारखं फिरवावं लागतं.

हो, आणि हे आधी सांगायला हवं होतं. पंख्याच्या रेषेत उभं राहू नका, मागे राहा. चष्मा घाला. कॅमेरा काचेसमोर असू दे, डोळा नको, मोबाइल गेला तर दुसरा येतो. मेथॅनॉल विषारी आहे, आणि सांडून पेटलं तर भर उन्हात ज्वाळा दिसतही नाही. लेथ वापरायची सवय नसेल तर काचेचं हेड करूच नका.

दाजींना व्हिडिओ दाखवला. तीनदा बघितला. म्हणाले, "हे तुझ्या खेळण्याचं झालं, स्कूटरचं येगळं." रिच केलं की टू-स्ट्रोक स्कूटरही हेच करते. त्यांच्या जुन्या स्कूटरचं हेड मागितलंय, अजून दिलेलं नाही.