लवचिक की स्थितिस्थापक? मेंदूतल्या जाळीच्या निमित्ताने

अमळनेरहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. मेंदूतल्या धमनीला फुगवटा आला की तिथे जो स्टेंट (धातूची नळीसारखी बारीक जाळी) बसवतात, त्याची माहिती देणारं पत्रक त्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मराठीत लिहीत आहेत. त्यातलं एक वाक्य त्यांनी पाठवलं आहे: ‘हा स्टेंट अत्यंत स्थितिस्थापक असून त्याचे त्रिज्य बल पुरेसे आहे, तो 8 टक्के विकृती सहन करतो व त्यास थकवा येत नाही.’ त्यांचं म्हणणं असं की, स्थितिस्थापक म्हणजेच लवचिक, मग सोपा शब्द का लिहू नये?

ताई, ते एक नव्हेत. या वस्तूला तर दोन्ही गुण लागतात आणि दोन वेगळ्या वेळी लागतात.

लवचिकच्या पोटात लवणं आहे. वाकवलं तर वाकतं, मोडत नाही, एवढंच तो शब्द सांगतो. वाकल्यावर पुढे काय होतं त्याबद्दल तो गप्प आहे. तांब्याची बारीक तार लवचिक आहे, पण वाकवाल तशीच राहते. स्थितिस्थापक वस्तू जोर काढून घेतला की आपणहून मूळ आकाराला येते.

आता हा स्टेंट मेंदूत पोचतो कसा ते पाहा. बहुधा जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून एक बारीक नळी आत सरकवतात. कवटीत शिरताना मानेतली धमनी इंग्रजी एस अक्षरासारखी वळणं घेते. या नळीची आतली पोकळी एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते आणि त्यात स्टेंट दाबून, मिटवून भरलेला असतो. ती वळणं पार करायला तो लवचिक हवा. जागेवर पोचून नळीबाहेर आला की त्याने आपोआप उघडून धमनीच्या भिंतीला टेकायला हवं. इथे स्थितिस्थापकतेचं काम.

हृदयातल्या बहुतेक स्टेंटचं याच्या उलट आहे. तो फुग्यावर बसवून नेतात, फुगा फुगवून उघडतात आणि फुगा काढून घेतात. तिथे धातूने ताणला तसा राहायला हवं. तो फार स्थितिस्थापक निघाला तर फुगा काढताच पुन्हा मिटू पाहील. म्हणजे एकाच नावाच्या दोन वस्तूंपैकी एकीत जो गुण, तो दुसरीत दोष. तुमच्या पत्रकात स्थितिस्थापक हा शब्द ठेवलाच पाहिजे असं मी म्हणतो ते यासाठी. हवं तर पुढे ‘म्हणजे दाब काढला की आपोआप मूळ आकाराला येणारा’ असं जोडा.

एक अडचण मात्र शब्दातच आहे. शाळेत आपण ‘पोलाद रबरापेक्षा अधिक स्थितिस्थापक’ असं घोकलं होतं आणि कुणालाही ते पटलं नव्हतं. भौतिकशास्त्र तिथे विचारतं, ताणायला जोर किती लागतो? आपण मनात विचारत असतो, ताणून परत येतं तरी किती? स्टेंटसाठी हा दुसरा, आपलाच प्रश्न महत्त्वाचा. साधं पोलाद लांबीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी ताणापर्यंतच पुरतं परत येतं. निकेल आणि टायटॅनियम यांचा निटिनॉल हा मिश्रधातू सुमारे 8 टक्क्यांपर्यंत ताणूनही परत येतो, म्हणून मेंदूतले पुष्कळ स्टेंट त्याचे करतात. (नावातला ‘नॉल’ हा तुकडा अमेरिकेच्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरी या नौदलाच्या प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांचा. तिथल्या विल्यम ब्यूलर यांनी हा धातू पुढे आणला. युद्धसामग्रीसाठी चाललेल्या शोधातून मेंदूच्या धमनीत शिरलेला धातू!)

‘विकृती’ मात्र कृपा करून काढा. प्रतिबल (स्ट्रेस) आणि विकृती (स्ट्रेन, म्हणजे ताणल्याने आकारात पडलेला फरक) ही जोडी अभियांत्रिकीच्या पुस्तकात बरोबर आहे. पण आधीच धास्तावलेल्या माणसाच्या हातात ‘8 टक्के विकृती’ असा कागद पडला तर तो वैऱ्यावरही येऊ नये असा प्रसंग. ‘8 टक्क्यांपर्यंत ताणला तरी मूळ आकाराला येतो’ एवढं पुरे. थकव्याचंही तेच. धातूचा थकवा म्हणजे पुन्हापुन्हा वाकून शेवटी तडा जाणं. मिनिटाला 70 ठोके धरले तर वर्षाला पावणेचार कोटींच्या आसपास होतात आणि प्रत्येक ठोक्याला धमनी थोडी फुगते, थोडी बसते. स्टेंटच्या चाचण्यांत 10 वर्षांचे म्हणून 40 कोटी ठोके मोजायची पद्धत आहे. पत्रकात ‘त्यास थकवा येत नाही’ वाचून नातेवाईक समजतील की पेशंटला थकवा येणार नाही. ‘ठोक्यांनी सतत हलूनही तारा तुटू नयेत अशी घडण’ असं लिहा.

त्रिज्य बल किंवा अरीय बल. दोन्ही शुद्ध आणि दोन्ही मुके. आपल्याकडे ‘रेटा’ हा अगदी नेमका शब्द पडून आहे. स्टेंट आतून भिंतीला देतो तो रेटा. पण जाणकार यात दोन गोष्टी वेगळ्या मोजतात: स्टेंट सतत बाहेर किती रेटतो ही एक, आणि बाहेरून दाबलं तर किती विरोध करतो ही दुसरी. निटिनॉलचा मोठा गुण असा की, त्याला दाबायला जितका जोर लागतो त्यापेक्षा परत उघडताना तो कमी जोराने रेटतो. भिंतीशी सौम्य, दाबणाऱ्याशी कडक. तेव्हा ‘रेटा’ आणि ‘विरोध’ असे दोन शब्द ठेवा. ‘बल’ या एकाच पोत्यात दोन्ही कोंबू नका. फुगवट्याच्या कामाला रेटा बेताचाच लागतो, कारण इथे अरुंद वाट रुंद करायची नसते. जाळीने जागा सोडू नये आणि फुगवटा बंद करायला त्यात भरलेली तारेची वेटोळी धमनीत घसरू देऊ नयेत, एवढंच काम.

ताठपणाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पत्रकात तो यायला हवा. जाळी ताठ असेल तर ती वळणावरच्या धमनीलाच सरळ करू पाहते, नाहीतर स्वतः चपटते. ठिबकची नळी फार आवळून वळवली की ती जशी मोडीपाशी चपटी होऊन पाणी अडवते, तसंच हे. जाळीची घरं सगळी एकमेकांना जोडलेली असतील, म्हणजे बंद घरांची वीण असेल, तर हा धोका जास्त. पण अर्धवट सोडलेली जाळी पुन्हा नळीत ओढून घेता येते. मोकळ्या घरांची जाळी वळणाला छान बसते, मात्र बाहेरच्या अंगाला तिचे दांडे थोडे वर येतात.

विणलेल्या जाळीबद्दल लिहिताना ‘सच्छिद्रता’ टाळून घट्ट वीण, विरळ वीण म्हणा. प्रवाह वळवणाऱ्या जाळ्या घट्ट विणीच्या. पाइपलाइन या जाळीला अमेरिकेत 2011 मध्ये मान्यता मिळाली. ती कोबाल्ट-क्रोमियम आणि प्लॅटिनमच्या 48 तारांची असते आणि भिंतीचा साधारण 30 ते 35 टक्के भाग धातूने झाकते. वेटोळी अडवणाऱ्या साध्या स्टेंटमध्ये हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास किंवा कमी. घट्ट विणीमुळे फुगवट्यात शिरणारं रक्त मंदावतं, तिथे गोठतं आणि हळूहळू तोंड बंद होतं. अशी जाळी उघडताना लांबीला कमी होते. त्याला ‘आखडणे’ हे क्रियापद तयारच आहे.

आणि ‘फुगा’. तुमच्याकडे ‘डोकामझारली नस फुगेल शे’ म्हणतात, ते अर्थाला चोख आहे. पण पत्रकात नसेच्या फुगवट्याला फुगा लिहू नका. हृदयाच्या अँजिओप्लास्टीमुळे ‘फुगा टाकला’ हे गावोगाव उपचाराचं नाव झालं आहे आणि इथे फुगा म्हणजे रोगच होईल. धमनीविस्फार हा त्याचा वैद्यकीय शब्द एकदा कंसात द्या, पुढे सगळीकडे फुगवटा.

तुमचं वाक्य मग असं होईल: ‘ही जाळी वळणांतून जाण्याइतकी लवचिक आणि नळीबाहेर येताच आपोआप उघडण्याइतकी स्थितिस्थापक असते. ती 8 टक्क्यांपर्यंत ताणली तरी मूळ आकाराला येते. भिंतीवर तिचा रेटा सौम्य असतो, पण दाबलं तर ती सहज दबत नाही.’ ही जाळी निटिनॉलची असेल तरच 8 हा आकडा ठेवा. कोबाल्ट-क्रोमियमची असेल तर तो गाळा.

लिंगाचं राहिलं. स्टेंट पुल्लिंगी, जाळी स्त्रीलिंगी. एका परिच्छेदात दोन्ही आले की ‘तो’ आणि ‘ती’ची गल्लत होते. एक निवडा, मी जाळी निवडली असती, आणि ‘स्टेंट’ फक्त शीर्षकात व डॉक्टरांच्या कागदावरचं नाव जुळावं म्हणून पहिल्या ओळीत.